पोरगा ‘येळ’ म्हणतो आणि ‘लस्ता’ पण म्हणतो: य, र, ल, व चं काय करायचं

परभणी जिल्ह्यातल्या एका दादांनी विचारलंय, थोडक्यात सांगते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. नवीन बाईंनी बोलावून सांगितलं की याचं बोलणं अशुद्ध आहे, कुठंतरी दाखवून घ्या. तो वेळ म्हणायचं तिथं ‘येळ’ म्हणतो, विचार म्हणायचं तिथं ‘इचार’, तेल म्हणायचं तिथं ‘त्याल’, आणि रस्त्याला ‘लस्ता’, दरवाजाला ‘दलवाजा’. थोरल्या मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात य, र, ल, व हे अर्धस्वर आहेत असं दादांनी वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पोराचे सगळे ‘चुकणारे’ शब्द याच चार अक्षरांभोवती फिरायलेत. मग विचारलंय की अर्धस्वर म्हणजे नेमकं काय, तेच त्याला येत नाहीत का, आणि गावातले लोक म्हणतेत तसं जिभेखालची शिर कापावी लागंल का.

दादा, मी लातूरला स्पीच थेरपी करते, माझ्याकडं येणारी बहुतेक लेकरं औसा, निलंगा, अहमदपूर, गंगाखेड अशा भागातली, त्यामुळं हा प्रश्न मला नवीन नाही. तुम्ही जे पकडलंय ना, की हे सगळे शब्द य-र-ल-व भोवतीचे आहेत, ते खरंच आहे. पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. ‘येळ, इचार, त्याल’ ही आपली बोली आहे, तिला औषध लागत नाही. ‘लस्ता, दलवाजा’ ही बोली नाही, तिथं पोराची जीभ अडायलीय आणि आठव्या वर्षी त्यावर काम करायला पाहिजे. बाईंनी दोन्हीला एकच शब्द वापरला, अशुद्ध, आणि तुम्ही घाबरलात.

आता हे मी तुमच्या लिहिण्यावरून सांगायलेय, पोराला ऐकलेलं नाही. त्याचं ऐकू येणं कसं आहे, कान वाहायचा का, घरात मराठीशिवाय उर्दू, तेलुगू, बंजारा असं काही बोलतात का, समोरचे दुधाचे दात पडून नवे आलेत का, या सगळ्यावर थोडंफार बदलू शकतं. तरी विचार कसा करायचा ते सविस्तर लिहिते, म्हणजे घरी बसून अर्धं काम तुमचं तुम्हालाच करता येईल.

आधी अर्धस्वर. स्वर म्हणजे ज्यात हवेला तोंडात कुठं अडवणूक नाही, आ म्हणा, ई म्हणा, ऊ म्हणा, श्वास पुरेल तोवर म्हणत राहता येतं. व्यंजनात कुठंतरी अडवणूक आहे, प ला ओठ मिटतात, क ला जीभ मागं टेकते, स ला पूर्ण बंद होत नाही पण फट एवढी बारीक की हवा घासत जाते. य, र, ल, व मधे जीभ किंवा ओठ जवळ येतात, पण प-क सारखं सगळं बंद होत नाही आणि स-श सारखी घासाघीसही होत नाही. म्हणून त्यांची जागा मधली. हे वाचून समजत नाही, करून बघितलं की लगेच समजतं, पोराला समोर बसवून दोघं मिळून करा. ‘ई-आ-ई-आ-ई-आ’ असं सावकाश म्हणायला सुरू करा आणि हळूहळू वेग वाढवा. एका ठिकाणी आपोआप ‘या-या-या’ होतं, तुम्ही काही बदललं नाही तरी. तसंच ‘ऊ-आ-ऊ-आ’ पळवा, ‘वा-वा-वा’ होतंय. आणि उलटं, ‘या’ मधला य लांबवायचा प्रयत्न करा, य्‌य्‌य्‌ करत राहा, हातात ई च येते.

म्हणजे ई आणि य तोंडात जवळपास एकाच जागी तयार होतात. फरक ते अक्षरात कुठं बसलेत याचा आहे. प्रत्येक अक्षराला एक मुख्य आवाज लागतो ज्याच्यावर सगळा जोर असतो, तो स्वर, आणि त्याच्या आजूबाजूला बाकीचे. स्वतःच्या लग्नात माणूस नवरदेव असतो आणि दुसऱ्याच्या लग्नात तोच माणूस वऱ्हाडी, तसं ई अक्षराच्या मधोमध बसली की स्वर, आणि शेजारी आ आला आणि जोर त्याच्याकडं गेला की तीच ई कडेला सरकून य होते. ऊ आणि व चं तसंच.

यासाठी संस्कृत लागत नाही. पाणिनीनं ‘इको यणचि’ या सूत्रात हेच बांधून ठेवलंय, इ, उ, ऋ, लृ यांच्यापुढं वेगळा स्वर आला की त्यांच्या जागी य, व, र, ल येतात, इति आणि आदि मिळून इत्यादि, सु आणि आगत मिळून स्वागत, पितृ आणि आज्ञा मिळून पित्राज्ञा. पण तुमच्या घरात शाळेत न गेलेली आजी असंल तर ती पण रोज हाच नियम वापरते. एक भाकरी, चार भाकऱ्या. एक काठी, दोन काठ्या. शेवटच्या ई ला पुढं आ लागला की य झाला. विंचू, पण विंचवाचं विष. भाऊ, पण भावाला सांग. गहू, पण गव्हाचं पीठ. सासू, पण सासवा. ऊ चा व झाला. हे कुणी शिकवलेलं नसतं, तीन-चार वर्षांचं लेकरू बरोबर म्हणतं. मला हे आईबापांना सांगायला फार आवडतं, कारण पोराला ‘बोलता येत नाही’ म्हणून घेऊन येतात आणि पोरगं समोर बसून ‘विंचवानं’ असं अवघड रूप अचूक म्हणत असतं, भाषा त्याच्या डोक्यात एकदम पक्की असते.

र आणि ल जरा निराळे. य-व सारखे ते कुठल्या रोजच्या स्वराचं दुसरं रूप वाटत नाहीत, कारण ऋ आपण आता ‘रु’ म्हणतो आणि लृ तर ‘क्लृप्ती’ सोडली तर कुठं भेटत नाही. म्हणून काही पुस्तकं चौघांनाही अर्धस्वर म्हणतात, जुनं नाव अंतःस्थ, आणि आजचे ध्वनिशास्त्रवाले फक्त य-व ला अर्धस्वर म्हणून र-ल ला द्रव असा वेगळा गट करतात. मुलीच्या परीक्षेत जे पुस्तकात आहे ते लिहायचं, त्यात वाद घालू नका. पण चौघं एका कुटुंबातले आहेत याचा एक चांगला पुरावा आहे. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर येतं तिथं बघा, प्रेम, क्रम, त्याग, द्वाड, क्लेश, स्वाद. कडक व्यंजन आधी आणि हे चौघं नंतर, म्हणजे स्वराला चिकटून. उलटं, ‘र्पेम’ किंवा ‘य्ताग’ असा शब्द मराठीत सुरूच होऊ शकत नाही. चौघांनाही स्वराच्या शेजारचीच जागा मिळते.

आणि हे मधले असल्यामुळंच सगळ्यात निसटते आहेत. प म्हणताना ओठ मिटले की मिटले, त्यात कमीजास्त काही नाही. पण य-व मधे जीभ-ओठ थोडे कमी जवळ गेले की ते स्वरात विरघळतात, थोडे जास्त गेले की दुसरंच काही होतं, आणि र-ल मधे तर जिभेच्या टोकाच्या एका हालचालीचा फरक. म्हणून बोलीबोलीत हेच बदलतात आणि लहान लेकरांचे पण हेच अडतात. दोन्ही गोष्टी याच चौघांभोवती दिसतात त्याचं कारण हे.

आता ‘येळ’ आणि ‘इचार’ कडं येते. आपल्याकडं कोण काय म्हणतं ते नीट ऐका. वीस चं ईस, विळा चं इळा, विंचू चं इंचू, वीज चं ईज, वेडा चं येडा, वेस ची येस. आता दुसरे शब्द घ्या, वारा, वाडा, वावर, वाट, वरण. यातला व कुणी खातं का? जिथं व च्या पुढं इ, ई किंवा ए आहे तिथंच तो जातो, अ आणि आ च्या आधी ठणठणीत राहतो. कारण तोंडातच आहे. आपला व म्हणजे खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ येतो, टेकून दाबला जात नाही. इ साठी ओठ बाजूला ताणावे लागतात आणि जीभ पुढं वर जाते. दोन्ही लागोपाठ करताना हलका असलेला व इ मधे जिरून जातो. वेळ मधे व गेला की ‘एळ’ उरतं, आणि आपल्याकडं सुरुवातीच्या ए ला य लागतोच, एक ला येक म्हणतो ना, म्हणून येळ. ओ ला तसाच व लागतो, ओटा चा वटा, ओढा चा वढा, ओळख ची वळख, ओझं चं वझं. आणि व्यंजनानंतर पण तेच, तेल चं त्याल, शेत चं श्यात, गोड चं ग्वाड, पोट चं प्वाट, तोंड चं त्वांड. ए असंल तिथं य डोकावतो आणि ओ असंल तिथं व डोकावतो, ही अदलाबदल कधी होत नाही. कुणी तेल ला ‘त्वाल’ म्हणालेलं मी ऐकलं नाही.

याला म्हणतात नियम. ज्या लेकराला उच्चाराचा दोष आहे ते असं शिस्तीत चुकत नाही की फक्त इ-ए च्या आधीचा व गेला आणि आ च्या आधीचा राहिला आणि आजोबापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचं तसंच. पोरानं कानानं ऐकून तुमच्या गावची पद्धत बरोब्बर उचललीय, म्हणजे त्याचा कान आणि डोकं दोन्ही चालतंय.

आणि हे अडाणीपणाचं लक्षण तर अजिबात नाही. समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे, जन्म १६०८ चा, त्यांच्या दासबोधात ‘येक’ हे रूप जागोजागी लिहिलेलं आहे. उदगीर-देगलूरकडं गेलात तर बाजारात तेलुगू-कन्नड कानावर पडतं, त्या भाषांत पण हीच सवय आहे, कन्नडमधे लिहिताना ‘एरडु’ आणि बोलताना ‘येरडु’, ‘ओंदु’ चं बोलताना ‘वोंदु’. मला हे वाचणाऱ्या शिक्षकांना मनापासून सांगायचंय, लेकराला येळ म्हणल्यावर वर्गात हसू नका. पुस्तकातलं रूप शिकवायलाच पाहिजे, त्याला पुढं परीक्षा द्यायच्यात, मुलाखती द्यायच्यात, पण ‘घरी येळ म्हणतो, वहीत वेळ लिहितो’ असं दोन्ही सांभाळणं आठ वर्षांच्या पोराला सहज जमतं. मी वहीच्या पानावर मधे रेघ मारून घेते, एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला, इळा–विळा, येल–वेल, वटा–ओटा. पोरं स्वतःच शोधून शोधून शब्द आणतात आणि दोन-चार दिवसांत व कुठं जातो हा नियम त्यांचा त्यांनाच सापडतो. ज्याला नियम सापडला त्याचं शुद्धलेखन लवकर सुधारतं, रागावून सुधारत नाही.

आता ‘लस्ता’. र च्या जागी ल येणं हे लहान वयात जगभर दिसतं, आणि भाषांच्या इतिहासात पण दिसतं, अशोकाच्या पूर्वेकडच्या शिलालेखांत राजा हा शब्द ‘लाजा’ असा कोरलाय, कारण तिकडच्या प्राकृतात र चा ल झाला होता. पण तिथं सगळा मुलूख तसं बोलायचा. तुमच्या घरात कुणी लस्ता म्हणत नाही, एकटं पोरगं म्हणतं, म्हणून ही बोली नाही. र हा सगळ्यात उशिरा पक्का होणाऱ्या आवाजांपैकी आहे. चार वर्षांचं लेकरू लस्ता म्हणत असंल तर मी घरच्यांना शांत बसायला सांगते. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांचा येतो, काहींचा सातव्यात. आठ पूर्ण झाल्यावर आपोआप येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, सवय घट्ट होत जाते आणि वर्गातली पोरं चिडवायला लागली की पोरगं बोलणंच कमी करतं, ते जास्त नुकसानीचं.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: य त्याला येतो, येळ मधे स्वच्छ आहे. व येत असणार, त्याला वावर, वाडा म्हणायला लावून खात्री करा. ल येतो, त्याल च्या शेवटी आहे आणि लस्ता मधे तर नको तिथं पण आहे. चार अर्धस्वरांपैकी अडलेला एकटा र.

आणि त्यातही तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तुम्ही ‘इचार’ लिहिलंय, ‘इचाल’ नाही. आता हे तुम्ही घाईत लिहिलं की तो खरंच शेवटचा र स्पष्ट म्हणतो? आज रात्री जेवताना ऐका. इचार, चार, दार, घर, भाकर, असे र नं संपणारे शब्द सहज त्याच्या तोंडून काढून घ्या, ‘म्हण बरं’ असं न म्हणता. शेवटी र येत असंल आणि फक्त सुरुवातीला किंवा मधे अडत असंल तर काम पुष्कळ सोपं आहे, जिभेला र माहीत आहे, फक्त जागा बदलली की जमत नाही.

दुसरी तपासणी कानाची. जोड्या घ्या: चार–चाल, मार–माल, हार–हाल, रस–लस. तुम्ही तोंडासमोर कागद धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, साध्या आवाजात एक शब्द म्हणा आणि त्याला ओळखायला लावा, चार म्हणलं की बोटं दाखवायची, चाल म्हणलं की चालून दाखवायचं. त्याला बोलायचं काही नाही, फक्त ऐकून करायचं. सगळं बरोबर केलं तर त्याला फरक ऐकू येतो, अडचण जिभेच्या सवयीची आहे. गोंधळला तर आधी कान तपासून घ्या, कानाची ऑडिओमेट्री नावाची साधी तपासणी असते, दुखत नाही. कान वाहणारं किंवा सारखी सर्दी असणारं लेकरू असंल तर जोड्या बरोबर आल्या तरी मी ही तपासणी करूनच घेते. ऐकूच कमी येत असंल तर सहसा एकटा र बिघडत नाही, स-श सारखे बारीक आवाज पण जातात आणि टीव्हीचा आवाज वाढवणं, ‘काय?’ असं परत परत विचारणं हे पण दिसतं.

तिसरी जीभ. लोक सरसकट ‘शिर कापा’ म्हणतेत. पोराला तोंड मोठं उघडायला सांगा आणि तसंच ठेवून जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं हिरडीला लावायला सांगा. लागलं तर र आणि ल साठी जीभ जेवढी उचलावी लागते तेवढी ती उचलते, कापायचं कारण नाही. जो पोरगा ल व्यवस्थित म्हणतो त्याची जीभ तिथं पोचतेच, ल टोक टेकवल्याशिवाय होत नाही. टोक पोचतच नसंल, बाहेर काढल्यावर जीभ मधे दुमडून बदामासारखी दिसत असंल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा, निर्णय त्यांचा. वेखंड उगाळून जिभेला लावल्यानं र येत नाही. आणि बोलणं लवकर यावं म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवतात ते तर अजिबात करू नका, त्यातून विषबाधेचा खरा धोका असतो.

आता र आणायचा कसा. मी तीन शब्द वापरते: वाडा, वारा, वाला. आरसा समोर ठेवा. ‘वाडा’ म्हणताना जिभेचं टोक वर मागं वळतं आणि तिथून झटका देऊन खाली येतं, दोन स्वरांच्या मधला आपला ड हा असा झटक्याचाच आहे. ‘वारा’ मधे झटका तोच, फक्त टोक मागं न वळता वरच्या दातांच्या जरा मागं एकदाच लागून सुटतं. ‘वाला’ मधे टोक तिथंच टेकतं पण लगेच सुटत नाही आणि हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाते. हे बाजूचं पोराला दाखवायचं असंल तर ल च्या जागी जीभ टेकवून ठेवायला सांगा आणि श्वास आत ओढायला सांगा, जिभेच्या कडांना गार लागतं, लगेच खुश होतात. एवढं कळलं की त्याला सांगायचं, ल मधे टोक टेकून राहतंय, र मधे राहायचं नाही, टेकलं की सुटलं पाहिजे. ‘वाडा-वाडा-वाडा’ भरभर म्हणत टोक थोडं थोडं पुढं आणायचं. बहुतेकांना याच वाटेनं पहिला र सापडतो, कधी अर्ध्या तासात, कधी दोन-तीन आठवडे जातात.

सापडला की लगेच ‘रस्ता’ म्हणायला लावू नका, इथं घरचे सगळ्यात जास्त घाई करतात. सुरुवातीचा र अवघड आहे कारण मागं स्वराचा आधार नाही. आधी दोन स्वरांमधला, तारा, चारा, पारा, अरे, घरी. मग शेवटचा. मग जोडाक्षरातला, त्रास, चित्र, पत्र, कारण त ला जीभ आधीच दातांजवळ गेलेली असते. सगळ्यात शेवटी सुरुवातीचा. तुमच्या पोराचा शेवटचा र आधीच येत असंल तर अजून जवळची वाट आहे, ‘चार रस्ते’ म्हणायला लावा, चार चा र न सोडता तसाच पुढं रस्ते मधे न्यायचा, ‘चार्‌रस्ते’. मग ‘दार रंगव’, ‘मोर रडला’ असं काहीही. हळूहळू पहिला शब्द कमी आवाजात, मग मनातल्या मनात, आणि बाहेर फक्त ‘रस्ते’. भाकऱ्या, दऱ्या, पायऱ्या हे शब्द मुद्दाम मागं ठेवा. त्यात र ला जोर मिळत नाही, य च्या अंगाला चिकटून पटकन निघून जातो, दोन अर्धस्वर एका पाठोपाठ. दर्या मधला र आधीच्या अक्षराला दाबून थांबतो, दऱ्या मधला थांबत नाही. र पक्का झालेली पोरं पण कधी कधी ‘भाकल्या’ म्हणून जातात, तिथं काळजी करू नका, ते शेवटी जुळतं.

रोज पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढं बास. तासभर बसवू नका. पाहुण्यांसमोर ‘म्हण रस्ता’ करू नका. तो लस्ता म्हणाला तर अडवायचं नाही, तुम्ही पुढच्या वाक्यात सहज बरोबर शब्द वापरायचा, ‘हो, रस्ता लई खराब झालाय’. सराव सरावाच्या वेळी, बाकी वेळ त्याचं म्हणणं ऐकायचं. आणि सरावात येळ-इचार अजिबात आणू नका. मी बघते, घरचे उत्साहात एकदम सगळंच दुरुस्त करायला घेतात आणि पोराला कळतच नाही की आपलं नेमकं काय चुकतंय, मग ते र वरचं लक्षपण सोडून देतं.

दीड-दोन महिने असं करून र चा पत्ताच नसंल, किंवा वरच्या तपासण्यांत कान-जीभ यांत काही दिसलं, तर प्रत्यक्ष दाखवा. सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्यांना बोलण्याचं आवर्जून सांगा, नाहीतर वजन-उंची-दात बघण्यात ते राहून जातं. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं चिठ्ठी देतात, तिथं पैसे लागत नाहीत. खाजगीत गेलात तर थेरपिस्टकडं भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि जाताना मोबाईलवर पोराचं दोन-तीन मिनिटांचं मोकळं बोलणं रेकॉर्ड करून न्या, आजीशी किंवा मित्राशी गप्पा मारतानाचं, कारण आमच्यासमोर बसलं की लेकरं एकतर गप्प होतात नाहीतर एकेक शब्द तोलून म्हणतात आणि खरा र कुठं अडतो ते कळत नाही. त्या बोलण्यात येळ, इचार असंल तर असू द्या, थेरपिस्ट बाहेरगावचा असंल तर त्याला सांगा की आमच्याकडं असंच म्हणतेत, त्याला नोंद करताना उपयोग होईल.